परवानगीचे पदक

आपल्याकडे एखादी विवाहित मुलगी पदक घेऊन आली, की सत्काराच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : “सासरच्यांनी लग्नानंतरही खेळायला परवानगी दिली, हे विशेष!” टाळ्या पडतात. पदक नेमके कोणाला मिळाले, असा प्रश्न मला पडतो. बायकोने परवानगी दिली म्हणून अमक्या पहिलवानाने गदा मिळवली, असे मी तरी आजवर ऐकलेले नाही.

हे दुखणे आपल्यापुरतेच आहे, असे मात्र समजू नका. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला निघाली, तेव्हा ती ३० वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. बाईने घरी बसून मुले सांभाळावीत, अशी पत्रे तिला आली. तिने ४ सुवर्णपदके जिंकली आणि जगाने तिला बिरुद दिले, ‘उडती गृहिणी’! तिचा नवरा आणि शिक्षक यान स्वतः तिहेरी उडीचा खेळाडू. पण त्याला कोणी ‘उडता गृहस्थ’ म्हटले नाही.

१९५२ साली हेलसिंकीला एमिल झाटोपेकने ५,००० मीटरची शर्यत जिंकली आणि त्याच दिवशी त्याची बायको डाना भालाफेकीत पहिली आली. तिला स्फूर्ती माझ्याच विजयाने मिळाली, असे स्वारीने थट्टेने सांगून टाकले. डानाबाईंनी लगेच सुनावले, की मग दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा, तिचा भाला ५० मीटर जातो का! या टोल्याने संसार मोडला नाही. एमिल २००० साली वारला, तोवर तो सुखाने चालला.

आपल्या मेरी कोमने जुळ्या मुलांनंतर पुन्हा मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवले आणि २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळवले. तेव्हा तिच्या पतीने मुले सांभाळली, याचे केवढे कौतुक झाले! व्हायलाच हवे होते. पण पुरुष खेळाडूंच्या बायका तेच काम जन्मभर करतात. त्यांच्यासाठी कोणी हार आणत नाही.

मंगलाष्टकांबरोबर मैदानातून नाहीशा झालेल्या कबड्डी-खोखोच्या मुली प्रत्येक गावात सापडतील. म्हणून खेळणाऱ्या उपवर मुलींना माझे एवढेच सांगणे : मुलगा पाहायला आला, तर “खेळू द्याल ना?” असे विचारू नका. पहाटे ५ वाजता मी मैदानावर असताना घरात दूध कोण तापवणार, एवढेच विचारा. उत्तर द्यायला तो आईच्या तोंडाकडे पाहू लागला, तर पोहे तेवढे खाऊ द्या आणि निरोप द्या.