दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

एअरबॅगची संख्या मोजून सुरक्षिततेचा डंका पिटणाऱ्यांनी डॅशबोर्डवरील दिव्याकडेही पाहावे. चावी फिरवताच नियंत्रक प्रत्येक एअरबॅगच्या प्रज्वलक-मंडलाचा रोध तपासतो. तो साधारणतः दोन-तीन ओहम असतो. स्टिअरिंगमधील क्लॉक स्प्रिंग तुटली वा आसनाखालील कनेक्टर सैल झाला, तर दिवा पेटतो. तेथे चिल्लर किमतीचा रोधक जोडून दिवा विझवणे ही प्रवाशाशी प्रतारणा आहे. जानेवारी २०२३मध्ये मारुती सुझुकीने नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी १७,३६२ नव्या मोटारी परत बोलावल्या. म्हणजे नवेपणा ही हमी नव्हे. बॉशसारख्या कंपन्यांच्या अभियंत्यांचा अभिमान मिरवणाऱ्या बेंगळुरूतून निदानाचे ज्ञान गल्लीतल्या कारागिरापर्यंत का पोहोचू नये? दिव्याला फसवता येते, अपघाताला नाही.