माप फळीचे नव्हे, माणसाचे

सत्यनारायणाच्या पूजेला आपण देवासाठी चौरंग मांडतो आणि गुडघे झिजलेल्या आजीला मात्र जेवायला पाट देतो. माझ्या मते चौरंगाची खरी गरज आजीला आहे.

गेली काही वर्षे रविवारी मी हौसेखातर छोटी टेबले, स्टुले, चौरंग बनवतो. लाकूड वखारीतून आणतो. रंधा, करवत, पटाशी ही हाताचीच हत्यारे. या छंदात शिकलेल्या बऱ्याच गोष्टी दवाखान्यातही उपयोगी पडतात, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

पहिला धडा मापाचा. हौशी माणूस हाती आलेल्या फळीप्रमाणे टेबल करतो, जाणता मिस्त्री आधी विचारतो, "बसणार कोण?" राजूर-कोतूळकडून गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या बायकांना मीही विचारतो, भाकरी कशी करता? उत्तर बहुधा एकच, पाटावर बसून. दोन-तीन इंचांच्या पाटावरून उठताना गुडघा पूर्ण दुमडलेला असतो आणि वाटीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. निरोगी गुडघ्यांना जमिनीवर बसणे चांगलेच. पण सांध्यातली कुर्चा झिजल्यावर दिवसातून अनेक वेळा तसे उठबस करायचे आणि वर वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या, याला उपचार म्हणता येत नाही. त्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते.

स्टुलाचे माप असे घ्यावे. पाऊल सपाट टेकवून गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत टेप लावा. पाच फुटांच्या बाईचे हे माप साधारण १५-१६ इंच भरते. बाजारातली खुर्ची बहुधा १७-१८ इंचांची असते, त्यामुळे तिचे पाय अधांतरी राहतात आणि मांडीखालच्या नसा दबतात. उठायला फारच त्रास असेल तर इंचभर उंची वाढवावी, पण पाऊल टेकलेच पाहिजे. जेवणाचे टेबल बैठकीपासून १० ते १२ इंच वर असावे. उभ्याने पीठ मळायचे असेल तर परात कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवी. मांडी घालून अभ्यास करणाऱ्या मुलाला कोपराइतक्या उंचीचे, उतरत्या फळीचे डेस्क द्यावे. मान कमी वाकते.

दुसरा धडा पायांचा. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, पण एका बाजूला भार दिला की चटकन कलंडते. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी चारच पाय करावेत आणि ते खाली थोडे बाहेर फाकलेले असावेत. पाय फळीच्या फार आत असले की काठावर हात रेटून उठणारा माणूस स्टुलासकट पडतो. सत्तरीनंतर अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. ओले लाकूडही घेऊ नये. ते वाळताना आकसते आणि सांधे ढिले होतात. वापरातले स्टूल महिन्यातून एकदा हलवून पाहावे.

तिसरा धडा स्वतःला जपण्याचा. निवृत्तीनंतर हा छंद उत्तम. हात, डोळे आणि बुद्धी एकत्र कामाला लागतात. पण लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. इंग्लंडमध्ये हाय वायकोंब या खुर्च्या बनवणाऱ्या गावात लाकूडकामगारांना नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असणारा कर्करोग होतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक ठरवले. ती माणसे वर्षानुवर्षे दिवसभर त्या धुळीत काम करीत. रविवारच्या हौशी माणसाला तेवढा धोका नाही, पण दमेकऱ्याला एक दुपारही पुरते. काचपेपर उघड्यावर घासावा, नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क लावावा, भुसा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. यंत्र चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पटाशी धारदार ठेवावी, कारण बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि ते निसटते. दोन्ही हात पात्याच्या मागे असावेत. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर छंदाआधी ती घ्यावी.

स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सुताराकडून करून घ्या. त्यालाही चार पैसे मिळतील. मात्र वखारीत जाण्याआधी टेप घेऊन आजीजवळ बसा आणि माप घ्या. पुढच्या सणाला तिला साडीबरोबर तिच्या मापाचे एक स्टूल द्या. साडी ती सणावारी नेसेल, स्टूल तिच्या रोज उपयोगी पडेल.