लेबल चुकलं की गिऱ्हाइकाचे पैसे नाही, वर्षं जातात

मागच्या कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत एका मुलानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, एक आयडिया आहे. युरोपात थंडी सोसणाऱ्या पामचे शौकीन आहेत. हिमालयातल्या दुर्मिळ पामच्या बियांना ते चांगला भाव देतात. माझा मित्र नैनीतालला असतो, तिथल्या बागांत पाम आहेत. बी गोळा करायचं, दुर्मिळ जातीचं नाव लावायचं आणि पाठवायचं. झाड ओळखू येईपर्यंत कितीतरी वर्षं जातात. तोपर्यंत कोण विचारतंय?"

मुलगा हुशार आहे, गिऱ्हाईक त्यानं बरोबर हेरलं होतं. पण त्याचं शेवटचं वाक्य मला खटकलं. तेव्हा घाईत फक्त "नको करू" म्हणालो. का नको, ते आज सविस्तर लिहितो.

आधी हे मार्केट समजून घ्या

इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत सिएटलच्या बाजूला, जिथं हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथं लोक हौसेनं अंगणात पाम लावतात. त्यांचा नेहमीचा पाम म्हणजे ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय. मूळचा चीनकडचा. रॉबर्ट फॉर्च्यून हे नाव ऐकलंय का? चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा तोच माणूस. त्यानंच १८४९ च्या सुमारास हा पाम इंग्लंडला पाठवला, म्हणून त्याचं नाव झाडाला मिळालं. आज तिकडे तो साध्या नर्सरीतही मिळतो.

पण हौशी माणसाला साधं नको असतं, शेजाऱ्याकडे नसलेलं हवं असतं. इथं आपल्या देशाचा संबंध येतो. कुमाऊँमध्ये पिथौरागढजवळच्या डोंगरांत, बर्फ पडतो अशा उंचीवर, ट्रॅकीकार्पस टाकिल नावाची जात आहे. बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०५ मध्ये तिला हे नाव दिलं. जंगलात ती फार थोडी उरली आहे. त्यामुळे टाकिल म्हटलं की शौकिनाचे डोळे चमकतात.

आता गंमत बघा. त्या मुलाची आयडिया नवीन नाहीच. नैनीतालच्या बागांतल्या पामचं बी पूर्वी टाकिल म्हणून जगभर विकलं गेलंय. रोपं मोठी झाली, जाणकारांनी नीट पाहिली, तेव्हा कळलं की हा टाकिल नव्हे, फॉर्च्युनायच्या जवळचा पाम आहे. आता शौकीन त्याला 'नैनी ताल' या वेगळ्या नावानं ओळखतात. परिणाम काय झाला? आज खरा टाकिल विकणाऱ्याकडेही लोक संशयानं बघतात. खोट्या लेबलनं खऱ्या मालाचं मार्केट खराब केलं.

चूक प्रामाणिकही असू शकते

प्रत्येक चुकीचं लेबल म्हणजे फसवणूक नव्हे. ब्युटिया नावाचा दक्षिण अमेरिकेतला पाम घ्या. त्याच्या फळांचा जॅम करतात, थंडीही बरीच सोसतो. कितीतरी वर्षं जगभरच्या नर्सऱ्यांनी तो 'ब्युटिया कॅपिटाटा' म्हणून विकला. २०१० च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्पष्ट केलं की तो ब्युटिया ओडोराटा आहे. खरा कॅपिटाटा ब्राझीलच्या आतल्या, उष्ण भागातला. यात विकणाऱ्यांची लबाडी नव्हती. पण नवीन नाव कळल्यावरही जुनीच लेबलं लावत राहणं, हा मात्र आळस आहे.

ओळखायचं कसं?

ट्रॅकीकार्पसपुरतं सांगतो.

बी बघा. फॉर्च्युनाय आणि टाकिल, दोघांचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं. मेघालय आणि नेपाळकडच्या मार्शियानसचं, तसंच दार्जिलिंग-कालिम्पाँगकडच्या लॅटिसेक्टसचं बी लांबट, कॉफीच्या दाण्यासारखं खाच असलेलं. म्हणजे बी बघून दोन गट पडतात, पण टाकिलच्या नावावर फॉर्च्युनाय दिलं तर नुसत्या बियांवरून पकडता येत नाही.

खोड बघा. फॉर्च्युनायच्या खोडाला काथ्यासारखे केस असतात. लॅटिसेक्टसचं खोड उघडं आणि पानाचे पट्टे रुंद.

पान हातानं दाबून बघा. वॅगनेरियानस नावाच्या प्रकाराची पानं लहान आणि ताठ असतात. हे वेगळेपण रोप लहान असतानाही बऱ्यापैकी कळतं.

आणि अगदी लहान रोप? सगळ्यांची पहिली पानं साध्या पट्टीसारखी. तिथं डोळ्यावर भरवसा ठेवू नका. तिथं एकच गोष्ट कामाची: बी कुठल्या गावचं, कुठल्या झाडाचं, कुणी आणि कधी काढलं, याची नोंद.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या दुकानातून मी एकदा 'केसर' म्हणून आंब्याची कलमं विकली होती. घाऊकवाल्याचं लेबल होतं, मी न तपासता तसंच ठेवलं. चार वर्षांनी एक काका पिशवीत आंबे घेऊन आले. केसर नव्हताच, साधा रायवळ होता. मी लगेच पैसे परत काढले, वर नवीन कलम देऊ केलं. काकांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पैसे देशील रे बाबा. माझी चार वर्षं कुठल्या गल्ल्यातून काढून देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या खेपेची कलमं घेतलेल्यांपैकी जेवढ्यांचे नंबर होते, त्यांना मी फोन केले. दोघांनी शिव्या घातल्या. पण त्यातला एक आजही माझ्याकडूनच रोपं नेतो.

पाम तर आंब्यापेक्षा सावकाश वाढतो. आणि तिकडचा गिऱ्हाईक लेबल वाचूनच ठरवतो की हे झाड बाहेर जमिनीत लावायचं की कुंडीत ठेवून थंडीत घरात घ्यायचं. नाजूक झाडावर कणखर जातीचं लेबल लागलं, तर पहिल्याच कडक हिवाळ्यात ते जातं.

मग धंदा करायचाच नाही का?

करायचा ना! माझं मत असं आहे की चुकीची लेबलं दुरुस्त करणं हाच यातला खरा धंदा आहे. समजा नर्सरीत फॉर्च्युनायच्या ट्रेमध्ये तुम्हाला वॅगनेरियानसचं रोप दिसलं. साध्या भावात घ्या, बरोबर नाव लावून जास्त भावात विका. वरचा पैसा तुमच्या नजरेचा आहे, त्यात लाज कसली? मात्र घरच्या अंगणातलं झाड विकणाऱ्या हौशी माणसाला काय आहे ते सांगा आणि मग भाव करा. तो उद्या तुम्हाला बी देणारा माणूस आहे.

विकताना माल तीन भागांत ठेवा. पहिला खात्रीचा: मूळ ठिकाणाची नोंद आहे, भाव पूर्ण. दुसरा 'बहुतेक हाच': तसं लेबलवर लिहा, भाव कमी. तिसरा 'ओळख पटलेली नाही': साध्या रोपाच्या भावात. तुम्हाला वाटेल तिसरा कोण घेणार? हौशी लोक घेतात. त्यांना कोडं आवडतं, खोटं आवडत नाही.

बी परदेशी पाठवायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. आणि जंगलातल्या दुर्मिळ झाडाचं बी परवानगीशिवाय काढायच्या भानगडीत पडूच नका.

त्या मुलाला माझं आता सांगणं एवढंच: मित्राकडचं बी विक, पण 'नैनीतालच्या बागेतलं, जात नक्की नाही' असं लिहून विक. भाव कमी येईल. पण सात वर्षांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला तर उचलायला भीती वाटणार नाही.

तुमच्या दुकानात आज असा कुठला माल आहे, ज्याचं लेबल तुम्ही स्वतः तपासलेलं नाही? आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एकदा बघून घ्या.