प्रसूतिकक्षातील रंगीत तालीम

बाळंतपण घरातून रुग्णालयात नेण्याची लढाई देशाने बऱ्याच अंशी जिंकली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये जेमतेम ३९ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात पोहोचले. दर लाख जिवंत जन्मांमागील मातामृत्यू २००४-०६ मधील २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात ते ३३ होते. तथापि रुग्णालयाच्या दारात पोहोचलेली माता तेथे सुरक्षित असतेच असे नाही. आता प्रश्न केवळ खाटांचा नसून प्रसूतिकक्षातील माणसांच्या सज्जतेचा आहे.

बाळंतपणातील आणीबाणी सांगून येत नाही. वार पडल्यानंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर रक्तस्राव पाहता पाहता जिवावर बेततो. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच मदत मिळावी लागते. उपचार बहुतेकांना पाठ असतात. घोटाळा होतो तो कोणी काय करायचे यात. रक्तपेढीला दूरध्वनी कोणी करायचा? डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटले, तर परिचारिकेने ते स्पष्ट सांगायचे की गप्प राहायचे? अमेरिकेतील जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने २००४ मध्ये प्रसूतिकाळातील अर्भकमृत्यू व गंभीर इजांची छाननी केली, तेव्हा ७२ टक्के प्रकरणांत संवादातील त्रुटी हे एक मूळ कारण आढळले.

यावर उपाय म्हणजे रंगीत तालीम. पुतळ्याच्या वा रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीच्या साह्याने आणीबाणीचा प्रसंग उभा करायचा, डॉक्टर व परिचारिकांनी तो एकत्र हाताळायचा आणि नंतर चुकांची मोकळी चर्चा करायची. ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने २००० पासून सर्वांसाठी असे प्रशिक्षण सक्तीचे केले. तेथे जन्मानंतर मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने इजा झालेल्या बाळांचे प्रमाण दर दहा हजारांमागे २७ वरून सुमारे १४ वर आले.

मात्र हे यश सहज उचलून दुसरीकडे नेता येत नाही. हेच प्रशिक्षण स्कॉटलंडमधील १२ प्रसूतिगृहांत राबवले, तेव्हा बाळांच्या प्रकृतीत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. टांझानियातील हेडम रुग्णालयाचा अनुभव अधिक बोलका आहे. एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर कर्मचारी पुतळ्यावर उत्तम काम करू लागले. प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात फरक पडला नाही. मग तेथेच दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव सुरू झाला आणि पहिल्या २४ तासांतील बालमृत्यू दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. पुढे त्याच देशातील ३० रुग्णालयांत सततचा सराव, उपकरणे व स्थानिक नोंदींचा वापर यांची जोड घातली गेली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जन्माच्या आगेमागे होणारे बालमृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेसाठी २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू झाला. बिहारमध्ये 'अमानत' उपक्रमातील मार्गदर्शक परिचारिकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत जाऊन सराव घेतला. दिशा योग्य आहे. धोका आहे तो सरकारी सवयीचा. सभागृहात एक दिवसाचे शिबिर, प्रमाणपत्रांचे वाटप आणि पुतळा कपाटात कुलूपबंद, एवढ्यावर समाधान मानले, तर खर्चाचा हिशेब जुळेल, जीव वाचणार नाहीत. सराव ज्या त्या प्रसूतिकक्षातच, रात्रपाळीसह आणि वरिष्ठ डॉक्टरांच्या सहभागानेच व्हायला हवा. त्यासाठी कामाच्या वेळेतून हक्काची मिनिटे आणि पुरेसे मनुष्यबळ देणे ही शासनाची जबाबदारी आहे. किती जणांना प्रशिक्षण दिले, हा आकडा दुय्यम आहे. किती बाळांनी पहिल्या मिनिटात श्वास घेतला, हा खरा निकष ठरला पाहिजे.