रोजमेळातला पाळणा

बार्शीच्या एका जुन्या व्यापारी घराण्यात गेल्या महिन्यात कन्यारत्नाचे आगमन झाले. नातसुनेचे माहेर पुण्याचे, तिच्या मातोश्री नोकरीत. त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज बाजूला ठेवून ते सासरीच करण्याचे ठरले. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आल्या त्याच दिवशी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. वय 84. मुले, सुना, नातवंडे आणि पेठेतले हमालसुद्धा त्यांना ‘आक्का’ म्हणतात.

पेटीतून निघालेल्या वस्तू कोणत्याही जुन्या घरात निघाव्यात तशाच होत्या. मधोमध झिजून खोलगट झालेली सहाण, चांदीचे बोंडले, खणाची कुंची, वाळ्यांचा एक जोड, भुंगा लागलेल्या बाळगुटीची पुरचुंडी. आणि तळाशी, लाल कापडात बांधलेला, 1960 सालचा दुकानाचा रोजमेळ. बाळाच्या वस्तूंत दुकानाची वही कशी आली, हे सुनेला उमगले नाही आणि तिने विचारलेही नाही.

सहाण हातात घेताच आक्का खुलल्या. त्या काळी या कुटुंबाचे किराणा आणि काष्ठौषधींचे दुकान होते. गिऱ्हाईक नुसते ‘बाळगुटी द्या’ म्हणे आणि गादीवरचा माणूस न विचारता पुडा बांधी : हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरडशेंग, मायफळ, जायफळ, हिरडा, बेहडा, अतिविष, ज्येष्ठमध, काकडशिंगी, सागरगोटा, वर खारीक आणि बदाम. ओले आले आणि ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या घरांतही सुंठ आणि हळकुंड चालत असे, त्यामुळे गुटीला कोणाची हरकत नव्हती. वजनाचे माप तिला नव्हतेच, माप होते वळशांचे. पोटात मुरडा असेल तर मुरडशेंगेचे दोन वळसे जास्त. सर्दी असेल तर वेखंडाचा एक वाढवायचा. जायफळाचा मात्र एकच, तोही हलक्या हाताने; त्याने गुंगी येते हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. इतर घरांत गुटी मधात चाटवीत. जैन घरांत मधाचे नावही निघत नसे, ती आईच्याच दुधात उगाळली जाई. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, त्यातील बीजाणूंपासून बोट्युलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. त्या आज्यांनी हे कारण कधी ऐकले नव्हते. त्यांनी व्रत पाळले आणि बाळाला त्याचा लाभ मिळाला.

न्हाऊ घालणे हा तर घरातील सोहळाच. न्हाऊ घालणारी बाई सकाळी येई ती घराची मालकीण असल्याच्या थाटात. बंब पेटलेला, पाणी इसाणलेले, मसुरीच्या पिठात हळद आणि साय कालवलेली. ती पाय लांब करून पाटावर बसे आणि बाळाला पालथे पायांवर घेई. आधी टाळू भरायची, म्हणजे डोक्याच्या मऊ भागावर कोमट तेल जिरवायचे. मग पाठ, मांड्या, तळपाय. पिठाचा लोळा अंगावर फिरवून लव काढायची. बाळ आकांत करी, तिला त्याचे काहीच नसे. ‘रडू द्या, छाती मोकळी होते’ हे तिचे ठरलेले उत्तर. नंतर शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग आणि धूप. इतरत्र त्यात लसणीची सालेही पडत, या घरांत ओव्यावर भागे. त्या धुरावर दुपटे धरून ते बाळाभोवती घट्ट गुंडाळले की दोन-तीन तास घरात शांतता. बाळंतिणीच्या खोलीत मात्र बाजेखाली वेगळी शेगडी, दारे-खिडक्या बंद, घामाने आणि धुराने कोंदलेली हवा. तिने चाळीस दिवस त्या अंधारात काढायचे आणि डिंकाचे लाडू, अळिवाची खीर निमूटपणे संपवायची. नवजात फुप्फुसांना धूर किती बाधतो, याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

बोंडले म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी. आईचे दूध अपुरे पडले तर वावडिंग घालून उकळलेले गाईचे दूध त्यातून पाजायचे. ज्या घरात बोंडले नसे तेथे कापसाचा बोळा दुधात बुडवून बाळाच्या ओठांत पिळीत. गिऱ्हाइकाने अवाच्या सवा भाव पाडून मागितला की व्यापारी आजही म्हणतो, ‘आम्ही काय बोळ्याने दूध पितो?’ तो बोळा हाच. पुष्कळ घरांत पहिले तीन दिवस आईचे चिकाचे दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकीत आणि त्या बोळ्यानेच गुळाचे पाणी देत. बाळाला रोगप्रतिकारशक्ती देणारे सर्वांत मोलाचे दूध तेच, हे कळायला फार वर्षे लागली.

कपड्यांना खर्च नव्हता. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी, आजोबांच्या धोतराचे लंगोट. पहिले झबले नवे घालायचे नाही. धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या मुलाचे मागून आणायचे. पाळणाही तसाच. गल्लीत सागवानी पाळणे दोन किंवा तीन, तेच घरोघर फिरत. उसनवारीवर दिवसाचे व्याज मोजणाऱ्या या पेठेत पाळण्याला मात्र व्याज नव्हते, दस्तऐवज नव्हता. मूल चालू लागले, त्याला पांगुळगाडा मिळाला, की पाळणा चिंचेने घासूनपुसून, कड्यांना तेल देऊन परत जायचा. एकच दंडक होता : रिकामा पाळणा कोणी हलवायचा नाही.

हे सारे आक्का दोन-तीन दुपारी सांगत होत्या आणि नातसून ऐकत होती. तिच्या मनावर मात्र दडपण होते. बालरोगतज्ज्ञांनी तिला बजावले होते की सहा महिने केवळ आईचे दूध. गुटी नाही, वरचे पाणी नाही, घुटीच्या बाटल्या नाहीत. काजळात शिसे असू शकते, म्हणून डोळ्यांत काजळ नाही. नाळेला तेल-हळद नाही, धुरी नाही. मालीश हवी तर करावी, हलक्या हाताने. म्हणजे पेटीतल्या निम्म्या वस्तूंना घरातच मज्जाव. आक्कांना हे सांगायचे कोणी? सासूबाईंनी विषय टाळला, नातवाने दुकानात काम काढले. अखेर चौथ्या दुपारी नातसुनेनेच धीर केला.

‘आक्का, डॉक्टरांनी गुटी देऊ नका म्हणून सांगितलंय. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?’

आक्कांनी सहाण खाली ठेवली. ‘जुलाब लागले तर काय द्यायचं, ते विचारलंस का त्यांना?’

नातसुनेने तसे विचारले नव्हते. आक्कांनी लाल कापडाची गाठ सोडली.

रोजमेळ सासऱ्यांच्या हातचा, मोडीच्या वळणाचे देवनागरी अक्षर. हिशेब रुपये आणि नव्या पैशांत, कारण दशमान नाणी येऊन तीनच वर्षे झाली होती. फेब्रुवारीत लातूरहून पत्र आल्याच्या दिवशी ‘पेढे वाटप’. मे महिन्यात ‘लातूर भाडे’. आक्कांचे माहेर लातूरचे. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन आठवडा होत होता आणि त्या तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने सासरी येत होत्या. डब्यात ऊन इतके की दुपटे ओले करून खिडकीला धरले होते. पुढच्या पानांवर ‘वाळे जोड’, ‘कुंचीचा खण’, ‘उष्टावण खर्च’. दुकानाच्या जमा-नावेच्या मधूनमधून एक मूल वाढत होते.

सप्टेंबरमध्ये एका पानावर ‘डॉक्टर फी’. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘डॉक्टर फी, औषध’. त्यापुढे चार दिवस घरखर्चाच्या खात्यावर काहीच नाही. आणि मग एक ओळ : ‘हमाली, पाळणा पोचविणे, 25 न. पै.’

मूल सात महिन्यांचे होते. पाणी घरात नेहमीच गाळून, उकळून घेतलेले, तरी आजार कुठून आला ते कळले नाही; वरच्या दुधातून, माशीवाटे, कोणाच्या हातातून. तीन दिवस जुलाब. पोटाला विश्रांती हवी, दूध-पाणी बंद ठेवा, असा त्या काळच्या शहाण्यासुरत्यांचा सल्ला होता आणि तो सर्वत्र तसाच दिला जाई. मुलाची टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना अश्रू येईनासे झाले. ओठ कोरडे पडून ते पाण्याच्या भांड्याकडे हात करीत होते. 19 वर्षांच्या आईने ते भांडे उचलून आत नेऊन ठेवले, तसे तिला सांगितले होते म्हणून.

अशा घटना तेव्हा दुर्मीळ नव्हत्या. पुढे 1971 मध्येसुद्धा देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 129 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. जुन्या बाळंतपणांच्या आठवणी सांगताना घराघरांतून हा स्तंभ सहसा कोरा ठेवला जातो. आठवण सांगायला उरतात ती वाचलेली मुले आणि त्यांच्या आया.

त्याच 1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी पिंपातून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते, एवढेच त्यामागचे शास्त्र. 1978 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये. आज हे मिश्रण पाकिटातून मिळते. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने मोजून. तान्ह्या बाळाला हे डॉक्टरांना विचारून द्यावे आणि आईचे दूध मात्र क्षणभरही थांबवू नये.

हे आक्कांना कळले 1980 नंतर केव्हातरी, दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यावरून. त्या तक्त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या, म्हणे. 1960 च्या त्या रोजमेळात, ‘डॉक्टर फी’ च्या त्याच पानावर, वरच्या अंगाला मालाची आवक आहे : साखर 12 पोती, मीठ 8 पोती.

आक्कांनी ते पान नातसुनेला बोटाने दाखवले आणि वही मिटली. त्यांना पुढे चार मुले झाली. चारही आज सुखरूप आहेत. पहिल्या मुलाविषयी त्या नंतरच्या 65 वर्षांत घरात बोलल्या नव्हत्या. पणतीच्या वडिलांना, म्हणजे नातवाला, आपल्याला आणखी एक थोरले काका होते हे त्या संध्याकाळी बायकोकडून कळले. दुकान वाढवून तो घरी आला, चहा न घेता आक्कांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ नुसता त्यांच्या पायांशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नातसुनेने डॉक्टरांना फोन करून जुलाबांविषयी सविस्तर विचारून घेतले आणि दोन पाकिटे आणवून स्वयंपाकघरातील फडताळात, आक्कांच्या हाताला येतील अशा खणात ठेवली. पेटी पुन्हा भरायची वेळ आली. वाळे बाहेर राहिले, ते बारशाला घालायचे. कुंचीही बाहेर राहिली. भुंगा लागलेली गुटी टाकून दिली. आक्कांना आता जमिनीवर पाय पसरून बसता येत नाही. तरी खुर्चीवर बसून त्या रोज सकाळी बाळाच्या तळपायांना तेल चोळतात आणि टाळूवरून नुसता हात फिरवतात, तेल न घालता. हात तेथे जरा रेंगाळतो. टाळू खोल नाही ना, हे पाहण्याची ती सवय आहे, हे आता नातसुनेला ठाऊक आहे.

सहाण पेटीत जात होती, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, ‘ती धुऊन वरच ठेव. सहा महिने झाले की खारीक-बदाम उगाळायला लागेल.’

नातसुनेने मोबाइल काढला. ‘वळसे किती, सांगा आक्का. लिहून घेते.’

‘खारकेचे चार, बदामाचे दोन.’

‘आणि जायफळाचा एक?’

आक्का किंचित थांबल्या. ‘तो डॉक्टरांना विचार.’