पोळी बंद, पेग चालू

भात नाही, पोळी नाही, बटाटा नाही. आठवडाभर लो-कार्बचं पथ्य काटेकोर पाळणारा माणूस शनिवारी मित्रांबरोबर बसतो, तेव्हा बिअर नाकारून व्हिस्की-सोडा मागवतो. व्हिस्कीत कार्ब शून्य, हे त्याने वाचलेलं असतं. ते खरंही आहे. मग महिनाअखेर वजनकाटा का हलत नाही, हे कोडं त्याला पडतं.

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल आणि सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. दुपारी नाकारलेल्या चार पोळ्या रात्री अशा परत येतात. शिवाय चकणा. शेंगदाणे, चीज, तंदुरी चिकन सगळं पथ्यात बसतं, म्हणून हात सैल सुटतो. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेतीनशेहून अधिक कॅलरी असतात, आणि दोन पेगनंतर शेंगदाणे मोजतो कोण?

‘कार्ब मोजा, कॅलरी विसरा’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. कार्ब कमी केल्यावर भूक मंदावते आणि खाणं आपोआप घटतं, हा या आहाराचा खरा फायदा. दारू नेमका तोच लगाम ढिला करते.

दारूची थेट चरबी होते, हाही गैरसमजच. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, त्यामुळे यकृत ते आधी जाळतं आणि चरबीला रांगेत मागे उभं करतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात आठ पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं गेलं. त्यातल्या ५ टक्क्यांहूनही कमी भागाची चरबी झाली, पण शरीरातली चरबी जळण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी घसरलं. क्वार्टर म्हणजे त्याच्या अडीचपट. ती निपटायला यकृताला जवळपास अख्खी रात्र लागते.

पळवाट तशी जुनीच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ साली आपल्या गाजलेल्या पथ्यात बिअर वर्ज्य केली, पण क्लॅरेट आणि शेरी ठेवली.

वजनाचं एक वेळ सोडून देता येईल, मधुमेहींचं नाही. पिष्टमय पदार्थ बंद असले की यकृतातला साखरेचा साठा आधीच आटलेला असतो. अशा वेळी यकृत नवी साखर बनवून गाडा रेटतं, आणि दारू नेमकं तेच काम अडवते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर मग मध्यरात्री, कधी पहाटे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळा धोका असतो. कडक लो-कार्ब आणि दारू एकत्र आली की साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

हे डॉक्टरांना सांगून आहार बदलणारे थोडे, आणि पिण्याबद्दल खरं सांगणारे त्याहून थोडे. साखर उतरल्यावर घाम फुटतो, जीभ अडखळते, तोल जातो. घरच्यांना वाटतं, आज जरा जास्तच झाली. ते पांघरूण घालतात आणि दिवा मालवतात.