ओढणारा समर्थ, थांबविणारा कोण?

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य पुन्हा दिसू लागते. पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या कठड्यांहून वर उंच रचलेला आणि दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके क्षणभर जमीन सोडतात. उतारावर मागची ट्रॉली शेपटासारखी हेलकावे खाते. हिंजवडीच्या संगणक-नगरीपासून फारशा दूर नसलेल्या कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे ऊस, मोटारींचे सुटे भाग आणि संगणक कंपन्यांचे नोकर या तिघांची वाट एकाच पट्ट्यात एकत्र येते. सांगवीहून रात्रपाळीसाठी दुचाकीवरून हिंजवडीकडे किंवा तळेगावकडे निघालेल्या कामगाराला अंधारात पुढे काय चालले आहे, हे पुष्कळदा अगदी जवळ गेल्यावरच कळते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि असला तरी तो उसाच्या पाचटाआड दडलेला असतो.

या दृश्यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. शहरी माणूस ‘या ट्रॅक्टरांना बंदी घाला’ म्हणतो. ग्रामीण माणूस ‘शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका’ असे उत्तर देतो. दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या आहेत, परंतु दोहोंपैकी एकीनेही मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. हलक्या वाहनाने जड ओझे ओढावे की नाही, हा मूळ प्रश्न नव्हेच. ते जगभर ओढले जाते. अमेरिकेत पिकअप जातीच्या हलक्या मालमोटारीमागे चाकांवरचे अख्खे घर जोडून कुटुंबेच्या कुटुंबे सहलीस निघतात. प्रश्न एवढाच, की जे ओढता येते ते थांबविता येते काय. आणि येत नसेल, तर त्याची किंमत कोण मोजतो.

ओढणे आणि थांबविणे या दोन स्वतंत्र शक्ती आहेत, ही गोष्ट साध्या अंकगणिताने पटण्याजोगी आहे. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे दोन ते सव्वादोन टन असते. उदाहरणादाखल असे धरू, की दोन ट्रॉल्यांचे मिळून वजन चार टन आणि त्यांतील ऊस अठरा टन आहे. म्हणजे ट्रॅक्टरसह सारा लवाजमा चोवीस टनांच्या घरात गेला. खालच्या गिअरमध्ये, संथ गतीने, ट्रॅक्टर हा भार सपाट रस्त्यावर सहज ओढतो. तेच त्याचे वैशिष्ट्य. परंतु सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो केवळ मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉल्यांना स्वतःचा चालता ब्रेक बहुधा नसतोच. या दोन चाकांवर दोन टन भार आहे असे धरले, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड त्या भाराच्या साठ टक्के मानली, तर रोखण्याची सारी ताकद सव्वा टनाच्या आतच राहते. चोवीस टनांच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम पाच टक्के भरते.

या पाच टक्क्यांचा अर्थ काय? ताशी २५ किलोमीटर वेगाने चाललेला हा लवाजमा ब्रेक दाबल्यापासून सुमारे पन्नास मीटरनंतर थांबेल. त्याच वेगाची सुस्थितीतील मोटार चार-पाच मीटरांत थांबते. वेग ताशी ४० किलोमीटर झाला, तर पन्नास मीटरांचे सव्वाशे मीटर होतात. कारण गतीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि रस्त्याला विसात एक असा उतार लागला, तर उताराची ओढ आणि ब्रेकची ताकद जवळजवळ समसमान होतात. चाके लोळताना होणारा थोडासा विरोध तेवढा मदतीस उरतो. भरवसा ठेवावा असा ब्रेक अशा उतारावर या वाहनाला राहतच नाही. चालकाने पायाचा सारा जोर लावला तरी काय होणार, हे निसर्गनियमाने आधीच ठरवून टाकलेले असते. अशा अपघातानंतर चालकास ‘बेदरकार’ ठरविणे सोपे असते. पण त्याच्या पायाखाली जे नव्हतेच, ते त्याने वापरले नाही म्हणून दोष देण्यात कितपत न्याय आहे?

म्हणूनच जेथे ओढगाड्यांचा वापर मोठा आहे, तेथे नियमांचा रोख इंजिनाच्या शक्तीवर नसून ब्रेकवर असतो. युरोपात ७५० किलोहून अधिक वजनाच्या ओढगाडीला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. अमेरिकेत याबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण सुमारे तीन हजार पौंडांपुढे, म्हणजे साधारण १३६० किलोंपुढे, अनेक राज्ये ओढगाडीला ब्रेक मागतात. वाहनाचा उत्पादक ओढणारे आणि ओढले जाणारे मिळून किती वजन चालेल हे आकड्यांत सांगतो. ओढगाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर यावा, म्हणजे मागची गाडी डोलणार नाही, हे तेथील सहलीस निघालेल्या गृहस्थासही ठाऊक असते. भार मागे सरकला की डोलणे वाढते, आणि डोलणे वाढले की शेपूटच अंगाला फिरविते. आपल्याकडची दुसरी ट्रॉली हाच धडा दर हंगामात देत असते. तो कोणी लिहून घेत नाही, एवढेच.

गंमत अशी, की हे ज्ञान आपल्या दाराशीच आहे. वाहनांच्या ब्रेकची कसोटी घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ सालापासून पुण्यात आहे. रस्ता-वाहतुकीचे शास्त्र शिकविणारी केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून भोसरीत, सांगवीपासून काही किलोमीटरांवर, उभी आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण येथील कारखान्यांतून बाहेर पडणारी प्रत्येक मोटार ब्रेकच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज विकली जात नाही. त्याच कारखान्यांच्या फाटकासमोरून मात्र स्वतःचा ब्रेक नसलेली वीस-बावीस टनांची माळ रोज जाते, आणि तिला कोणी परीक्षेस बसवीत नाही.

याचे एक कारण व्याख्येत आहे. मोटार वाहन नियमांच्या दृष्टीने शेतीचा ट्रॅक्टर हे वाहतुकीचे वाहन नव्हे. ते शेतकामाचे यंत्र. शेतातून घरापर्यंत माल नेण्यापुरती ही सवलत योग्यच होती. परंतु ज्या क्षणी तोच ट्रॅक्टर दर टनामागे ठरलेल्या भाड्याने, कंत्राटावर, महामार्गावरून तीस-चाळीस किलोमीटर ऊस वाहू लागतो, त्या क्षणी तो व्यवहाराने मालमोटार झालेला असतो. व्यवहार बदलला, व्याख्या तशीच राहिली. या दोहोंमधील फटीतून हा सारा धोका रस्त्यावर येतो. बांधकामाचा मुरूम, राडारोडा आणि पाण्याच्या टाक्या वाहणारे शहरातील ट्रॅक्टरही याच फटीतून बारा महिने ये-जा करतात.

दुसरे आणि अधिक मोठे कारण आर्थिक आहे. ऊसवाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो. ट्रॅक्टरमालक बहुधा बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा हप्ता फेडणारा लहान शेतकरी असतो. हंगामापूर्वी कारखान्याकडून घेतलेली उचल त्याने मुकादमाला आणि तोडणीच्या टोळीला देऊन टाकलेली असते. टोळी आली नाही तर ती त्याच्याच अंगावर पडते. कारखान्याच्या आवारात पोहोचल्यावर गव्हाणीपाशी नंबर लागेपर्यंत तासन् तास जातात. दिवसाकाठी एकच खेप पदरात पडते. एका खेपेवर सारा संसार उभा असेल, तर त्या खेपेत शक्य तितका ऊस भरण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. म्हणजे ज्यादा भार हा लोभाचा जितका, तितकाच दररचनेचा आणि रांगेचा परिणाम आहे.

अर्थशास्त्रात अशा स्थितीला फार जुने नाव आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचा दाखला दिला होता. ठिणगीने लोहमार्गाकाठचे रान जळते, पण त्या नुकसानीची नोंद रेल्वेच्या हिशेबवहीत होत नाही. म्हणून रेल्वेला ठिणगी स्वस्त वाटते. ब्रेकविना धावणाऱ्या ट्रॉलीचे गणित तेच आहे. ब्रेक न बसविल्याने जो पैसा वाचतो, तो ट्रॅक्टरमालक, कारखाना आणि ऊसउत्पादक यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो. आणि जो खर्च होतो, तो रात्रपाळीस निघालेल्या एखाद्या कामगाराच्या घरी जमा होतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्या वर्षी २० नोव्हेंबरला पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून त्या वेळी पुढे आले होते. बचत एकाची आणि भुर्दंड चाळिसांचा, हा हिशेब याहून ठसठशीतपणे मांडता येणार नाही.

कायदा नाही असे मात्र नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वजनमर्यादेची कलमे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ज्यादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंड भरला म्हणजे ज्यादा भारासह पुढे जाण्याचा परवाना मिळाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच स्पष्ट केले आहे. पण दंडाची तलवार रस्त्यावर उगारली, की ती दुबळ्याच्याच मानेवर पडते, आणि बहुधा तडजोडीनंतर म्यान होते. दर हंगामात मागे लाल परावर्तक चिकटविण्याच्या मोहिमा निघतात. त्या चांगल्याच आहेत. तथापि परावर्तकाने ट्रॉली दिसते, थांबत नाही.

वस्तुतः या प्रश्नाची किल्ली रस्त्यावर नसून कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. ऊस घेऊन येणारे प्रत्येक वाहन तेथे तोलले जाते. वाहनाचा क्रमांक, वेळ, भरलेले आणि रिकामे वजन यांची पावती फाडली जाते. ज्यादा भाराचा एवढा बिनचूक पुरावा दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात रोजच्या रोज तयार होत नसेल. ठरलेल्या मर्यादेपलीकडील वजनाचे वाहतूक-भाडे द्यायचे नाही, एवढा एक नियम साखर आयुक्तालयाने सर्व कारखान्यांना सारखाच लागू केला, तर ज्यादा भरण्याचे आकर्षणच संपेल. नियम सर्वांना एकदम लागू हवा. एकट्या कारखान्याने तो पाळला तर त्याची वाहने शेजारच्या कारखान्याकडे वळतील. त्याबरोबर वाहनांना वेळ नेमून देऊन रांग कमी केली, तर एकीच्या जागी दोन हलक्या खेपा होऊ शकतील, आणि मालकाचे उत्पन्न बुडणार नाही.

ट्रॉलीला ब्रेक बसविण्याचा खर्चही मोजून पाहावा. समजा, दोन ट्रॉल्यांना मिळून पन्नास हजार रुपये लागले. दिवसाला अठरा टनांची एक खेप आणि हंगाम १२० दिवसांचा धरला, तर पाच हंगामांत १०,८०० टन ऊस वाहिला जाईल. टनामागे खर्च पाच रुपयांहूनही कमी. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्यास, टनाला ३,५५० रुपये आहे. शंभर रुपयांमागे हे चौदा पैसेसुद्धा होत नाहीत. कारखाने जशी टोळीसाठी उचल देतात, तशी ब्रेकसाठी द्यावी आणि पाच वर्षांच्या भाड्यातून कापून घ्यावी. ज्याच्या ट्रॉलीला ब्रेक आहे त्याला टनामागे चार पैसे अधिक आणि गव्हाणीवर आधी नंबर द्यावा. असे झाले, तर पोलिसांच्या शिट्टीने जे साधले नाही ते साधण्याचा संभव आहे.

अर्थात यावर एक आक्षेप येईल. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच कापला जातो. मग हा भारही शेतकऱ्याच्याच माथी का? आक्षेप खरा आहे. म्हणून या खर्चातील वाटा कारखान्यांनी आणि शासनानेही उचलला पाहिजे. परंतु तो वाटा कोणी किती उचलावा यावर एकमत होईपर्यंत सारा भार रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने सोसावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय त्या अनोळखी माणसांत ट्रॅक्टरचा चालक स्वतः असतो, आणि उसाच्या मोळ्यांवर बसून पालावर परतणारे तोडणी कामगारही असतात.

१९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना चालू झाला, तेव्हा सहकाराचा अर्थ नफ्याची वाटणी इतकाच नव्हता. जबाबदारीची वाटणी हाही होता. तोल, दर, उचल, रांग ही सारी सूत्रे आजही सभासदांच्या संस्थेच्या हाती आहेत. घाटातल्या जुन्या चालकांचा एक दंडक असे: ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. महाराष्ट्राच्या साखर-व्यवसायाने चढ मोठ्या दमाने चढला. ओढण्याची ताकद त्याने सिद्ध केली आहे. आता ब्रेक बसविण्याची जबाबदारी त्याची आहे, आणि पुढच्या हंगामाची धुराडी पेटण्यापूर्वी ती पार पाडण्यास वेळही पुरेसा आहे.